दत्ताभाऊंवर कोणाचाच विश्वास नाही

मालिकांच्या शूटिंगमध्ये कामापेक्षा वाट बघणंच जास्त. लाइट लागेपर्यंत, ढग सरकेपर्यंत, शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर बंद होईपर्यंत खुर्च्या ओढून बसायचं. किस्से साठतात ते असे. मी लोणंदची कुसुम. बावीस वर्षं कपडेपट सांभाळते, म्हणजे कोणत्या नटाला कोणते कपडे, ते इस्त्री करून वेळेवर देणं हे माझं काम. माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या दत्ताभाऊंचे. भाऊ हिरो कधीच नव्हते. तलाठी, हवालदार, वैद्य, चोर, कीर्तनकार, जे म्हणाल ते. पण करायचे इतकं खरं, की स्टेजच्या खाली उतरले तरी लोक त्यांच्याकडे संशयानेच बघायचे.

*

हा किस्सा भाऊंच्या बायकोने, मालनवहिनींनी सांगितलेला. वहिनींचं माहेर पाटणकडचं. लग्न ठरायच्या आधी त्यांचे वडील कोणाला न सांगता भाऊंच्या गावच्या जत्रेला गेले. तिथे नाटकात होणारा जावई दारुडा बनून बायकोला बडवत होता. वडील तसेच माघारी आले आणि स्थळ मोडलं म्हणाले.

मध्यस्थाने समजावलं, पोरगा सुपारीसुद्धा खात नाही. मग एका सकाळी वडील अचानक भाऊंच्या घरी जाऊन थडकले, अगदी चिकटून बसले आणि बोलता बोलता तोंडाचा वास घेतला. चार दिवसांनी पुन्हा गेले. वास नाही. भाऊ मान खाली घालून चहा देत होते. बाहेर आल्यावर वडील मध्यस्थाला म्हणाले, "दारुडा खोटा आसंल, मान्य हाय. पर ह्ये मान घालून बसल्यालं पोरगं तरी खरं कशावरनं?"

लग्न झालं. पण पहिली दोन वर्षं सासऱ्यांनी महिन्याची चक्कर चुकवली नाही.

*

एका मालिकेत भाऊ विष घालणारा वैद्य होते. त्याच दिवसांत सांगलीत भाचीचा साखरपुडा होता. भाऊ हौसेने सरबताचा ट्रे घेऊन फिरायला लागले. बायका घेत होत्या, पण ग्लास हातातच धरून बसत होत्या. शेवटी मुलाकडच्या एक आजी म्हणाल्या, "आवं, आदी तुमी प्या." भाऊंना चार ग्लास प्यावे लागले, तेव्हा कुठे मांडव प्यायला लागला.

*

कोयनानगरच्या घाटात शूटिंग होतं. भाऊ हवालदार. जेवणाच्या सुट्टीत ते वर्दीतच वळणावरच्या टपरीवर चहाला गेले आणि नेमका खरा हवालदार मोटरसायकलवरून तिथे उतरला. कोणतं ठाणं, असं त्याने विचारलं. भाऊंच्या तोंडून सवयीने मालिकेतल्या ठाण्याचं नाव निघालं. त्या नावाचं गावच कुठे नव्हतं.

हवालदाराने ओळखपत्र मागितलं. आधार कार्डावर भाऊंना दाढी आणि जटा, कारण तेव्हा गोसावी करत होते. लायसनवर टक्कल. मतदान कार्डावर पैलवानी मिशा. हवालदाराने तिन्ही कार्डं बाकावर ओळीने मांडली. "ह्यातला नेमका तू कोण?"

भाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "सायेब, ते डायरेक्टरला इचारावं लागंल."

मला बोलावणं आलं. वर्दी कोणाची, असं हवालदाराने विचारलं. मी म्हटलं, माझी. मग तो माझ्याकडेही तसाच बघायला लागला.

*

एकदा मला स्वतःलाच भाऊंचा संशय आला. ट्रंकेतलं घोंगडं दोनदा गायब झालं आणि दोन्ही वेळा संध्याकाळी गुपचूप परत आलं. तिसऱ्या वेळी मी मागोमाग गेले. भाऊ लोणंदच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन उभे. मेंढपाळाची भूमिका आली होती, आपलं सोंग कोणी ओळखतं का ते बघत होते.

एक माणदेशी म्हातारा बराच वेळ त्यांना न्याहाळत होता. जवळ येऊन म्हणाला, "घोंगडं बराबर हाय, काठी बराबर हाय. पर मगाधरनं तू मेंढरांकडं न्हाई, माणसांकडं बघतुयास. तू चोर तरी हायस, न्हाईतर पोलीस."

भाऊंनी कबूल केलं, नट हाय म्हणून.

"म्हंजे म्या बराबरच वळाखलं," म्हातारा म्हणाला.

पुढे आठ दिवस भाऊ त्याच्या कळपामागे हिंडले. तिथून आले ते त्या म्हाताऱ्यासारखी काठी डाव्या हातात धरूनच.

*

मागच्या वर्षी साताऱ्याजवळ शूटिंग होतं. भाऊ मालिकेतल्या घरातले थोरले. दुपारी त्यांचा हार्ट अटॅकने मरायचा सीन होता. त्याच्या तासभर आधी भाऊ पायरीवर बसले आणि हळूच खाली चिखलात कलंडले. सगळ्यांना वाटलं तालीम चाललीय. एकाने टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला मात्र शंका आली. अंगावर कडक इस्त्रीचं धोतर होतं. मला विचारल्याशिवाय भाऊंनी इस्त्रीचा कपडा कधी मळवला नव्हता. मी धावले. त्यांना बोलता येत नव्हतं.

युनिटच्या गाडीत घालून आम्ही हॉस्पिटल गाठलं. मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "कुसुम, आकरा वेळा मेल्यात ते टीव्हीवर. शूटिंग चालू न्हाई न्हवं?" मी फोन डॉक्टरांकडे दिला. वहिनींनी त्यांनाही विचारलं, तुमी खरं डॉक्टर हाय का?

मग त्या आल्या. दोन दिवस भाऊंचं मनगट धरून बसल्या. नर्सने मशीनकडे बोट दाखवलं, तरी सोडेनात.

भाऊ वाचले. तीन महिन्यांनी कामावर आले. तो सीन राहिलाच होता. सकाळी धोतर देताना मला म्हणाले, "इतकी वर्सं चुकीचंच मेलो गं. हात छातीवर जातच न्हाई. जबडा दुखतो, आन् माणूस लाजल्यागत गप खाली बसतो."

कॅमेऱ्यासमोर त्यांनी अगदी तसंच केलं. सेटवर कोणी हललं नाही.

डायरेक्टर तरुण, पुण्याचा. मॉनिटरवरून मान वर करून म्हणाला, "छान होतं भाऊ, पण पटत नाही. हार्ट अटॅक वाटतच नाही. हात छातीवर घ्या ना."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग हात छातीवर दाबला, कण्हले आणि डोळे फिरवले.

"ओके," डायरेक्टर म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.