आपापला जोडीदार बसला का?

दोन हजार चार-पाचची गोष्ट. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या आमच्या निवृत्तांच्या मराठी मंडळात सहलीची बस मी सांभाळायचे. पन्नास डोकी मोजायचा मला कंटाळा. दारात उभी राहून मी ओरडायचे, "आपापला जोडीदार बसला का?" शेजारी बघून सगळे "हो" म्हणायचे, की बस सुटली. स्वतःच्या या हुशारीचं मला कौतुकही होतं.

एक काका मात्र एकटेच यायचे. सून पार्किंगमध्ये सोडून जायची. स्वेटरची सगळी बटणं लावलेली, हातात थर्मास. शेजारच्या रिकाम्या सीटवर ते थर्मास ठेवायचे आणि वळण आलं की त्याला हाताने धरायचे.

एकदा एका बागेतून निघाल्यावर अर्ध्या तासाने कोणीतरी विचारलं, "ते थर्मासवाले काका कुठे दिसत नाहीत?"

बस वळवली. गेटवरच्या गार्डने विचारलं, "नाव काय त्यांचं?" मला सांगता येईना.

काका आत बाकावर बसले होते, थर्मास मांडीवर. मी सॉरी सॉरी करत राहिले. ते उठले, बटणं चाचपली आणि म्हणाले, "असू द्या हो. आमची ही असती, तर तिने बस हलूच दिली नसती."

परतताना मी त्यांच्या शेजारी बसून पुन्हा माफी मागितली.

पुढच्या सहलीपासून मी एकेक डोकं मोजू लागले. काका पुन्हा आले नाहीत. फोन करावा म्हणून मंडळाची यादी काढली, तेव्हा कळलं, शेजारी तासभर बसूनही मी त्यांना नाव विचारलं नव्हतं.