अबोली शेला आणि लॅपटॉपमधलं भूत

“बघ, परत बदलला! बघ, बघ!” मामा एवढ्यानं ओरडला, की फळीवर ओळीनं बसलेले मातीचे उंदीर उड्या मारून थेट भातखाचरात जातील असं मला वाटलं. “तुझ्या या डबड्यात भूत हाय, भूत!”

डबडं म्हणजे माझा लॅपटॉप. मी रोह्याला कंपनीत नोकरीला, मामाचा गणपतीचा कारखाना पेणजवळ जोह्याला. पडद्यावर फोटो होता माझ्या सासूबाईंच्या घरच्या गेल्या वर्षीच्या गणपतीचा. मूर्ती मामाकडचीच, मीच शिफारस करून नेलेली. तिचा अबोली शेला बघून सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याबद्दल बरं बोलल्या होत्या. तो दिवस आमच्या घरात अजून सणासारखा सांगितला जातो. यंदा मात्र त्यांनी बजावलं होतं: तोच रंग असला तर नेईन, नाहीतर रोह्याच्या बाजारातून घेईन. मूर्तीचं तर विसर्जन झालेलं. रंग कसा कालवला होता ते मामाला आठवेना. उरला फोटो. “मोबाइलवर रंग कळत नाही, मामा. मोठा पडदा आणतो,” असं मीच तोऱ्यात म्हटलेलं.

मामाची रंग जुळवायची रीत एकच. नमुन्यावर बोटानं थेंब लावायचा. थेंब दिसेनासा झाला की रंग जुळला. आता नमुना पडद्यावर, म्हणून थेंबही पडद्यावर! लॅपटॉप हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखा दिसायला लागला. पण थेंब जुळत आला, की बाहेर ढग सरकायचा, दारातून ऊन आत यायचं आणि पडदा भस्सकन उजळायचा. मामा पांढरा ओतायचा. परत ढग यायचा, पडदा मंदावायचा, मामा लाल ओतायचा. वाटीची बादली झाली. त्या रंगात रामवाडीपासून खाडीपर्यंतच्या सगळ्या म्हशी अबोली झाल्या असत्या आणि शिंगांपुरता उरला असता.

मला बसवेना. दारात जाऊन ढग बघायचो, आत येऊन पडदा बघायचो, की परत दारात. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. “गाडीनं कासू स्टेशन सोडलं. पेणला उतरून बसनं येते.”

“कासू सोडलं, मामा!”

“मग मी काय करू? रूळ उखडू?”

मी घाईनं सेटिंग उघडलं. सिस्टिम, त्यात डिस्प्ले. ब्राइटनेसच्या पट्टीशेजारचा बारका बाण दाबला तर आत दोन उपद्व्यापी सापडले. एक बाहेरच्या उजेडाप्रमाणे पडदा बदलणारा, दुसरा पडद्यावर काय दिसतंय ते बघून बदलणारा. मी पहिल्याची खूण काढली आणि छाती फुगवून म्हणालो, “भूत उतरवलं.”

मामानं शेला नीट दिसावा म्हणून फोटो मोठा केला. मागची काळी पार्श्वभूमी सरकली आणि पडदा हळूच परत बदलला.

“भुताची बायको राहिली आत,” मामा म्हणाला.

तिलाही बंद केलं. मग ऊन आलं, पडदा गप. ढग आला, पडदा गप. मामानं थेंब लावला आणि देवाशपथ सांगतो, थेंब असा नाहीसा झाला की मामा काचेवर नखानं शोधत बसला. मग त्यानं ब्रश उचलला आणि एका दमात यंदाच्या मूर्तीचा शेला रंगवला.

मी काच पुसायला घेतली, आणि तिथंच माझं पाणी पाणी झालं. पडदा स्थिर होता, म्हणून पहिल्यांदाच दिसलं: फोटोत गणपतीच्या हातातला मोदक पिवळा होता. जानवंही पिवळं. मामा ही दोन्ही पांढरीशुभ्र देतो. सासूबाईंच्या मखराला पिवळ्या दिव्यांच्या माळा असतात, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं. मी लॅपटॉपचं झाकण अगदी सहज मिटलं.

“का मिटलास रं?”

“तापलाय.”

मामानं झाकण उघडलं, बघितलं, आणि त्याच्या ओरडण्यानं छपराचे पत्रे हादरले. “मोदक पिवळा? आयला, म्हणजे शेला गुलाबी होता! मी अबोली दिलाच नाय! तुमच्या दिव्यांनी केला तो अबोली!”

दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात पिशवी. फोटो बघितला, ओला शेला बघितला, माझी अबोली बोटं बघितली.

“मला हाच पाहिजे होता,” त्या म्हणाल्या.

“आई, तुमच्या मखरात हा असा दिसणारच नाही,” मी म्हणालो. कपाळाचा घाम पुसताना तिथंही अबोली लागला. “पिवळ्या माळांखाली पार नारिंगी होईल, झेंडूसारखा!”

“विहीणबाई, पुसून गुलाबी करतो,” मामा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला. “पण आज वाळायचा नाय.”

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली.

“मग यंदा मखराला पांढरे दिवे लावू.”