आईची दहा मिनिटं

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नवा फोन सुरू करून द्यायला मी गावी गेले होते. जुन्याची काच तडकली होती. त्यातलं सगळं पुसून टाकलं की तो सोनपेठला आत्याकडे जायचा होता. आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि त्या फोनमध्ये तिचा आवाज होता. अण्णा बाजाराला निघाले की ती त्यांच्या फोनवर यादी बोलून ठेवायची. चिठ्ठी वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा ते हमखास घरी विसरत. त्या सगळ्या याद्या मी त्यांच्या मेलच्या खात्यात ठेवल्या होत्या आणि खात्याला दुहेरी कुलूप लावलं होतं. एक पासवर्ड, आणि वर दर अर्ध्या मिनिटाला नवा सहा आकडी कोड देणारं अ‍ॅप.

ते अ‍ॅप नव्या फोनमध्ये आणलं, कोड दिसायला लागले, आणि मी शहाणीनं तेवढ्यावरच जुना फोन पुसला. मग खातं उघडायला गेले तर कोड चुकीचा. दुसरा टाकला, तोही चुकीचा. पाचव्यांदाही तेच झालं, आणि जुना फोन तर मी पुसून बसले होते. अण्णा शेजारी बसून विचारत होते, यादी लागली का म्हणून. जरा गप्प बसा, असं मी खेकसले.

मदतीच्या पानावर शेवटी एक ओळ सापडली, फोनची वेळ तपासा. हे कोड घड्याळावरच चालतात. नव्या फोनवर पावणेअकरा वाजले होते, माझ्या फोनवर दहा पस्तीस. मी चहा ठेवायला गेले तेवढ्यात अण्णांनी घड्याळ पुढं केलं होतं. आमच्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं असतात. देवगाव फाट्यावर एसटी चुकू नये म्हणून आईनंच ती पद्धत पाडली होती. जुना फोनही तसाच होता, पण त्यात खातं कायम उघडं असायचं, कोड कधी लागलाच नव्हता.

"कशाला हात लावलात तुमी?" मी चिडून विचारलं.

"तिनं लावलेली वेळ हाय माय ती," अण्णा म्हणाले. "फोन नवा आला म्हणून मोडायची का?"

मला माझीच लाज वाटली. पुसण्याची घाई मी केली होती आणि तोंडसुख घेत होते त्यांच्यावर. हळू आवाजात सांगितलं, की घड्याळ खऱ्या वेळेवर आणल्याशिवाय खातं उघडणार नाही. अण्णांनी भिंतीवरचं घड्याळ तरी तसंच राहील ना, एवढं विचारून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला.

पहिल्याच फटक्यात कोड चालला. मी एक यादी लावली. खोबरं, धने, दाळवं अर्धा किलो, गूळ काळा नको. आई सावकाश सांगत होती आणि प्रत्येक जिनसेला अण्णा "हां" म्हणत होते. मला रडू आवरेना. यादी संपल्यावर आईनं विचारलं, "समदं ध्यानात ऱ्हाईल का तुमच्या?"

"ऱ्हाईल," अण्णा फोनला म्हणाले.