वाणाचं पेन

कमलजिजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथात मी लिहायचं! आनंदाच्या भरात लिहितेय, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

जिजींची नि माझी ओळख माझ्या फजितीने झाली. लग्न होऊन मी साताऱ्याहून माळव्यात, देवासला नुकतीच आले होते. संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवायला गल्लीतल्या आम्ही बायका जिजींकडे जमलो होतो. समोरच्या हिंदी वर्तमानपत्रात सूचना होती: तलाईच्या, म्हणजे गावाच्या कडेच्या छोट्या तळ्याच्या, वरच्या उतारावर वसाहत होणार, 'आपत्तियाँ आमंत्रित हैं'. मी ओरडलेच, "अगबाई! हे लोक चक्क संकटांना आमंत्रण देताहेत!" सगळ्या खो खो हसल्या. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, हे मला कुठे ठाऊक! सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

जिजी मात्र हसल्या नाहीत. शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या त्या. चष्मा चढवून त्यांनी सूचना दोनदा वाचली. "सूनबाई बरोबर बोलतेय. त्याच उतारावरून पावसाचं पाणी तलाईत येतं. तिथे भिंती उठल्या तर तलाई आटेल आणि खालच्या विहिरीही. संकटच बोलावलंय हे."

मुदत संपायला आठवडा होता. जिजींनी काय करावं? त्या वर्षी वाण म्हणून प्रत्येकीला एक पेन आणि एक कोरा कागद दिला! तिळगूळ घ्या, आपत्ति लिहा. नक्कल करायला सक्त मनाई. जिने जे पाहिलं तेच तिने लिहायचं. दूध घालणाऱ्या रामकन्याबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी त्यांच्या माळवी बोलीत सांगितलं, "म्हारा कुवा को पाणी इनी तलाई सेज आवे." म्हणजे, माझ्या विहिरीचं पाणी याच तलाईतून येतं. मी ते शुद्ध हिंदीत सुधारून लिहायला लागले, तर जिजींनी माझा हात धरला. "एक अक्षर बदलायचं नाही. विहीर त्यांची आहे."

सुनावणीला आम्ही नटूनथटून गेलो. वसाहत बांधणारे गृहस्थ जिजींचेच विद्यार्थी निघाले. "जिजी, आप विकास के खिलाफ हो क्या?"

"नहीं भिया, मकान बनाओ, खूब बनाओ. बस पानी के रस्ते में मत बैठो." असं म्हणून जिजींनी पिशवीतून हाताने रेखाटलेला नकाशा काढला: पाण्याची वाट निळी, घरांना चालेल अशी उंच जागा लाल. मग अधिकाऱ्यांनी रामकन्याबाईंचा कागद मोठ्याने वाचला आणि जिजींचा नकाशा जवळ ओढला.

निकाल लागला: उतार मोकळा, घरं उंच जागेवर! जिजींनी पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला. "ही चुकली म्हणून आपण वाचलो." सासूबाईंसमोर, बरं का!

आज धामनोद, कुक्षी, नेमावर, कुठकुठून लोक जमिनीचे कागद घेऊन जिजींकडे येतात. त्या आधी चहा पाजतात, मग विचारतात, "पाणी कुठून येतं, ते सांगा." आमची तलाई आजही भरते आणि रामकन्याबाईंची विहीरही.

परवा जिजी म्हणाल्या, "पंचाहत्तरी झाली, आता पुरे. सूचना तुम्ही वाचा, मी थांबते." वाचू की! पण जिजी, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि शंभरीचं हळदीकुंकूही तुमच्याच ओसरीवर होवो. राहता राहिला तुमचा थांबण्याचा प्रस्ताव. त्यावर, तुम्हीच वाणात दिलेल्या पेनाने, मी माझी लेखी आपत्ति नोंदवते आहे. नक्कल नाही, जे पाहिलं तेच लिहिलंय.