बरगडीची हरकत

लहानपणी मी बाबांच्या बरगड्या मोजायची. बाबा रेल्वेत होते, पूर्णा जंक्शनला. ड्यूटीवरून आले की उघड्या अंगाने बाजेवर पडायचे आणि मी त्यांच्या कुशीशी बसून एकेका हाडावरून बोट फिरवायची. त्यांना गुदगुल्या व्हायच्या, ते कूस बदलायचे, माझी मोजणी चुकायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. चर्चमधल्या रविवारच्या शाळेत आम्हाला सांगितलं होतं की देवाने मातीचा माणूस केला, त्याच्या नाकात श्वास फुंकला, मग त्याला गाढ झोपवून त्याची एक बरगडी काढली आणि तिची बाई घडवली. म्हणजे बाबांची एक बरगडी कमी असणारच, अशी माझी पक्की खात्री. गल्लीतल्या बाकीच्या पोरी, कुणी बौद्धांच्या, कुणी मराठ्यांच्या, असल्या भानगडीत कधी पडल्या नाहीत. ही खोड आमच्याच घरची.

एकदा आई भाकऱ्या करता करता म्हणाली, "कशाला मोजायलीस? दोनी बाजूला बारा-बारा असत्यात. बाप्याला बी आन् बाईला बी."

"तुला काय माहीत?"

"शिकले व्हते," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

लग्नाआधी आई मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होती, हे मला असं कळलं. लग्न ठरलं आणि शिक्षण अर्ध्यात सुटलं. त्यावर ती कधी बोलली नाही, कुणी विचारलंही नाही. त्या शिक्षणातलं आमच्या घरात एवढंच उरलं होतं की ती गादीवरची चादर दवाखान्यातल्यासारखी, कोपरे दुमडून, सुरकुती न ठेवता ताणून घालायची, आणि त्या चादरीवर कुणी बसलं की तिचं डोकं फिरायचं.

बरगड्यांचं हे सगळं मी विसरून गेले होते. गेल्या वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, माझं लग्न ठरलं आणि ते पुन्हा मागे लागलं.

तेव्हा मी ताडकळसच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सकाळी पूर्ण्याहून एसटी, ती चुकली तर स्कूटी. दिवाळीनंतर आमच्या शाळेतल्या कितीतरी पोरींचे आईबाप ऊसतोडीला जातात. घरी आजीजवळ राहिलेल्या पोरींना मी शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायची, शिकवायची, गप्पा मारायची, खरं सांगायचं तर राखणीला बसायची. मध्येच एखादीला न्यायला बाप यायचा, तिच्याही हातात कोयता द्यायला. मग मी त्याच्याशी भांडायची. भांडणात मी चांगली आहे, असं सगळेच म्हणतात. दोघीतिघी माझ्या भांडणामुळे दहावीपर्यंत पोचल्या, आणि याचा मला गर्व आहे.

मुलगा नांदेडचा, पुण्यात कंपनीत. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. फोनवर हसायचा, मला हसवायचा, दिवसभरात काय शिकवलं ते विचारायचा. मला तो आवडायला लागला होता. मग एका संध्याकाळी त्याने शांतपणे विषय काढला. "जबरदस्ती नाही. पण देवानं बाईला कशासाठी घडवलं, हे तुला मी सांगायला नको. पुरुषाला साहाय्य म्हणून. घर आधी." त्याच्या घरच्यांनी बैठकीत हीच अट स्पष्ट घातली. चर्चमध्ये लग्नाची सूचना वाचून झाली की मी राजीनामा द्यायचा. बाबांनी मान डोलावली. मला कुणी विचारलं नाही, आणि एरवी शाळेच्या फाटकात परक्या बापांशी भांडणारी मी तिथे चहाचे कप उचलत राहिले.

शाळेतल्या माझ्या मैत्रिणीला सांगितलं तर ती उसळली. ती बौद्ध घरातली, माझ्याहून सडेतोड. "मॅडम, तुमी कशाला ऐकायल्या असलं? द्या सोडून. आमच्यात न्हाई असलं काही." मला तिचाही राग आला. तिला सोडून द्यायला सोपं होतं. माझी अडचण अशी की माझा विश्वास आहे. मी रोज प्रार्थना करते ती सवय म्हणून नाही. देवाने मला घडवलं आणि काहीतरी मनात धरून घडवलं, यावर माझा सगळा जीव टांगलेला आहे. मग तो हेतू जर हाच असेल तर? ताडकळसच्या पोरी हा माझा नुसता अहंकार असेल तर? रात्रंदिवस हेच.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत मुलामुलीची सूचना वाचतात. अमक्याचं अमकीशी लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत असेल तर त्याने आताच सांगावं. हरकत म्हणजे आधीचं लग्न, जवळचं नातं, असलं काही. कुणी कधी घेत नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, तर अशी रीत पडली आहे की उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी विचारलं की मोठा पंच उठून सगळ्यांच्या वतीने "हरकत नाही" म्हणतो आणि मग गीत सुरू होतं. आमचा मोठा पंच म्हणजे माझे बाबा. पहिल्या रविवारी त्यांनी ते इतक्या दणक्यात म्हटलं की बायकांच्या बाजूला सतरंजीवर झोपलेलं एक बाळ दचकून रडायला लागलं. सगळे हसले. मीही हसले.

तो आठवडा मी एका जागी बसले नाही. एसटीत उभी राहिले, जागा असताना. घरी आल्यावर दोनदा अंगण झाडलं. भाजीत मीठ टाकलं की नाही हे आठवेना, म्हणून पुन्हा टाकलं. वर्गात नेमका सांगाड्याचा धडा आला. पोरी युनिफॉर्मवरूनच स्वतःच्या बरगड्या मोजायला लागल्या, एकमेकींना ढोसायला लागल्या, आणि मी फळ्याकडे तोंड करून उगाचच तारीख पुसून पुन्हा लिहीत उभी राहिले.

लग्नाआधी पाळकसाहेबांकडे शिकवणीला बसावं लागतं. आमचे पाळकसाहेब माझ्याहून लहान, नुकतेच शिकून आलेले, मनाने सरळ. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपात केला, इथून त्यांनी सुरुवात केली.

"साहेब, प्रतिरूप दोघांत की एकात?" मी विचारलं.

"दोघांत. नर आणि नारी, दोघांत."

"आणि पृथ्वी सांभाळायचं काम कुणाला दिलं?"

"दोघांना."

"मग राजीनामा एकीनेच का द्यायचा?"

"क्रम असतो ना ताई. आधी आदाम, मग हव्वा."

"आदामाच्या आधी गुरंढोरं झाली होती, साहेब. क्रमाने पाहिलं तर आपण सगळे बैलाच्या हाताखाली."

ते मोठ्याने हसले. मी हसले नाही. म्हटलं, संकटात आपण देवाला साहाय्य कर म्हणून हाक मारतो, तेव्हा देव आपल्याहून लहान होतो का? तेव्हा त्यांचंही हसू गेलं. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण हा विषय तुम्ही घरात बसून मिटवा. मंडळीत नको." माझं बरोबर होतं आणि त्याचा उपयोग शून्य होता. घरी येताना मी स्कूटी इतकी पळवली की स्टेशनजवळ एका म्हाताऱ्याने शिवी दिली. बरं वाटलं मला त्या शिवीने.

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच. मी गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत राहिले. नवरीने स्वतःच्याच लग्नाला हरकत घ्यायची रीत कुठे असते? आणि आमच्या मंडळीत बायका गातात, पण बोलत नाहीत. बाबा उठले, हरकत नाही म्हणाले, गीत झालं.

शनिवारी संध्याकाळी आई पलंगावर धुतलेली चादर घालत होती. मी दारात उभी होते.

"उद्या संपलं," मी म्हटलं. "सोमवारी राजीनामा."

तिने वर पाहिलं नाही. "तुला काय वाटायलंय?"

"मला वाटतं देवाने मला त्या पोरींसाठी पण केलंय. नुसती त्यांच्यासाठी नाही म्हणत मी. पण त्यांच्यासाठी पण."

"मग सांग की."

"कुणाला सांगू? बाबांना? ते पंच आहेत. त्यांच्याकडे उत्तर तयार असतं." मला रडू यायला लागलं आणि रडण्याचा राग यायला लागला. "तुझं काय गं? नर्सिंग सोडलंस ते देवाने सांगितलं म्हणून?"

आईने कोपरा दुमडला, गादीखाली खोचला, हात फिरवला. आपण जास्त बोललो असं मला वाटलं आणि मी आत निघून गेले.

तिसऱ्या रविवारी मंडळी भरलेली होती. नांदेडहून मुलाची मावशी आली होती, पुढेच बसली होती. पाळकसाहेबांनी सूचना वाचली. हरकत असेल तर सांगावी, म्हणाले. पुरुषांच्या बाजूला बाबा सदरा नीट करत उठायला लागले.

तेवढ्यात माझ्या शेजारून पदर सरकला. आई उभी राहिली होती. सगळ्या आयुष्यात जिने उपासनेत गीत आणि आमेन सोडून शब्द काढला नाही, ती माझी आई.

"माझी हरकत हाय," ती म्हणाली.

बाबा अर्धवट उठलेले तसेच राहिले. पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "काकू, कशाला हरकत आहे? लग्नाला?"

"लग्नाला न्हाई. राजीनाम्याला. लेकीचं शिकवनं सोडवून लग्न लावायचं आसंल तर माझी हरकत हाय."

"काकू, अशी हरकत इथे धरता येत नाही."

"मग इचारता कशाला?" ती खाली बसली नाही. "माझ्या लग्नाच्या येळंला बी असंच इचारलं व्हतं. कुनाची हरकत हाय का म्हनून. माझी व्हती. मी बसून ऱ्हायले."

मी बाबांकडे पाहिलं. ते आईकडे बघत होते, जणू स्टेशनात ओळखीची गाडी भलत्याच फलाटावर लागली आहे. मग माझ्याच पायांनी मला उभं केलं. "माझी पण आहे," मी म्हटलं. शाळेच्या फाटकातला आवाज लागला, जरा जास्तच मोठा. मावशीबाई मागे वळून बघायला लागल्या.

पाळकसाहेब मोठ्या पंचाच्या उत्तराची वाट बघत थांबले. बाबा खाली बसले. शेवटी पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, आणि ती बरीच लांबली.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी नांदेडला आणि तिथून पुण्याला पोचली होती. त्याचा फोन आला. मी आधी "मी नोकरी सोडणार नाही" म्हटलं आणि आमच्यात बोलण्याआधी करतात तो सलाम नंतर केला. "मला आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला, आणि त्यात तो चुकला नव्हता. "मी सांगतो दोन दिवसांत," म्हणून त्याने फोन ठेवला. दोन दिवसांनी तो हो म्हणेल की नाही, मला माहीत नव्हतं, आणि तरीही कितीतरी दिवसांनी मी खुर्चीत टेकून बसले.

आत बाबा पलंगावर बसले होते, त्या चादरीवरच. आईने त्यांना उठवलं आणि विस्कटलेली चादर पुन्हा घालायला घेतली. बाबा बाजूला उभे राहिले. सकाळचा सदराही त्यांनी काढला नव्हता.

"तुला तवा हरकत व्हती?" त्यांनी विचारलं.

"व्हती."

"मग बोलायचं न्हाई का? पाळकानं इचारलं व्हतं की."

"पाळकानं इचारलं," आई म्हणाली. "तुमी कुठं इचारलं?"

बाबांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, "आता इचारतो."

"आता ती चादर धरा तिकडून," आई म्हणाली. "कोपरा घट्ट धरा."