कोरडं फडकं

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, नगरकडच्या दुष्काळी कर्जतच्या कोर्टात वकिली करायचे आणि चुरगळलेला कोट घालून जायचे. त्या कोटाची कॉलर मात्र निघताना गाडीच्या बॉनेटमध्ये बघून सारखी करायचे. घरात आरसा नव्हता असं नाही. पण काळ्या अँबॅसडरमध्ये माणूस जास्त खरा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई म्हणायच्या, "सवत परवडली. तिला मी तरी रोज न्हाऊ घातलं नसतं."

मी देवळाली प्रवऱ्याची. आमच्याकडे पाटाला पाणी, त्यामुळे पाटाच्या कडेला बैल, ट्रॅक्टर आणि पाहुण्यांची गाडी एकाच रांगेत धुतली जायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांना खूश करावं म्हणून मी फडकं घेऊन गाडी पुसायला गेले. मामंजी अर्धी दाढी तशीच ठेवून, गालाला साबण लावलेले धावत आले. "सूनबाई, थांब! कोरडी धूळ कधी पुसायची नाही. ती रंग खाते."

मग रीतसर शिकवणी झाली. आधी टपावर हलक्या हाताने पाणी सोडायचं, धुळीला आपली आपण खाली उतरू द्यायचं, मग जुन्या धोतराचं मऊ फडकं फिरवायचं. चाकांचं फडकं वेगळं. उन्हात धुवायची नाही, पाण्याचे डाग उठतात. आणि हे सगळं दोन बादल्यांत. कर्जतला तिसरी बादली मागणारा माणूस वेडा ठरला असता.

सासूबाईंचे भाऊ नगरच्याच डोंगराळ भागातल्या, भरपूर पावसाच्या अकोल्याचे. त्यांची जीप बारा महिने चिखलाच्या रंगाची. ते म्हणायचे, "दाजी, चार महिने देव धुतो. आपण मध्ये कशाला पडायचं?"

"आणि उरलेले आठ महिने?"

"वाळते की!"

मामंजी त्यांना चहा द्यायचे, पण जीप रस्त्याच्या पलीकडे लावायला लावायचे.

आमच्या आळीतली मुलगी सासरी निघाली की मामंजींच्या गाडीतूनच जायची. आदल्या दिवशी ते गाडी स्वतः धुवायचे. हारसुद्धा दोऱ्यानेच बांधू द्यायचे, तारेने ओरखडे पडतात म्हणून. "लेक आणि गाडी, दोन्ही आळीतून लख्ख निघाल्या पाहिजेत," असं म्हणायचे.

बहात्तर साली दुष्काळ पडला. गावातले आड एकेक करून आटले. आमच्या परसातल्या आडाला तेवढं थोडं पाणी राहिलं. मामंजींनी परसाचं दार सगळ्यांसाठी उघडं टाकलं आणि गाडीच्या दोन बादल्या बंद केल्या. पाणी नाही म्हणून धुवायची नाही, कोरडी पुसायची तर नाहीच. गाडीवर धुळीचा थर चढत गेला. मामंजी आता वाकड्या कॉलरनेच कोर्टात जायला लागले.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या शिंप्याच्या शालनचं लग्न निघालं. लग्नाच्या सकाळी दारात पाहते तर आळीतल्या बायका उभ्या, प्रत्येकीच्या हातात पाण्याचा तांब्या. पुढे शालनची आई पारूबाई.

"वकीलसायेब, समद्यांनी घरातलं थोडं थोडं आनलंय. आधी गाडी धुवा. असल्या धुळीच्या गाडीतून पोरगी गेली, तर सासरची मान्सं तिला जल्मभर बोलत्याल."

"हे प्यायचं पाणी ना?"

"व्हय. पन एक दिस तहान काढू की आमी."

मामंजींनी एकेका तांब्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "पारूबाई, हे पंगतीच्या रांजणात ओता. गाडीचं मी बघतो."

बायका गेल्या. मामंजींनी धोतराचं फडकं घेतलं आणि टपापासून कोरडीच गाडी पुसायला सुरुवात केली.

"मामंजी, रंग..."

"माहीत आहे, सूनबाई."

ते पुसत राहिले. फडक्याखाली धूळ करकरत होती, ती मला ओट्यावर ऐकू येत होती. मला रडू आलं. पाठवणीच्या आधीच रडते म्हणून सासूबाई हसल्या, आणि मग त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं.

संध्याकाळी गाडी लांबून झकास दिसत होती. शालन तिच्यातून ताठ बसून गेली. तिच्या सासरचं कुणी काही बोललं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, दोन बादल्या पुन्हा सुरू झाल्या. पण सकाळचं ऊन तिरपं पडलं की बॉनेटभर बारीक चरे दिसायचे. माझे यजमान म्हणाले, "नवा रंग मारून घेऊ." मामंजी म्हणाले, "असू दे. शालन नीट नांदतेय ना?" शेवटपर्यंत त्याच बॉनेटमध्ये बघून त्यांनी कॉलर सारखी केली.

ते गेल्यावर गाडी विकायला काढली. नगरहून एक गिऱ्हाईक आलं. त्याने बॉनेटवर वाकून पाहिलं, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"कुणीतरी अडाण्याने कोरडीच पुसलीय हो ही. रंगाची पार वाट लावली."

"हो," मी म्हटलं. "आमच्या मामंजींनी."