मामाचं पाकीट

आमच्या घरात लिंबू कापतात ते फक्त सरबतासाठी. त्यामुळे इथले गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले. हे लिहितानाही जरा ओशाळल्यासारखं होतंय, पण असो.

मी धडगावला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. घर शहादा तालुक्यात, तापीकाठी. बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका प्रेसमधून आल्या होत्या. पाकिटांवरची नावं आणि घरागणिक वेगळी चिठ्ठी - कोणाला हळदीपासून बोलवायचं, कोणाला फक्त लग्नाला - मी घरच्या प्रिंटरवर काढणार होतो. एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिला. एका घराचं पाकीट, लगेच त्याची चिठ्ठी, मग पुढचं घर.

आमच्याकडे पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि दुसऱ्या कोणाच्या हातात जाण्याआधी ती मामाच्या हातात जाते. पण आई तिच्या भावाशी बोलत नव्हती. आजी गेली तेव्हा आई अजून वाटेत, गाडीतच होती आणि मामांनी तिची वाट न पाहता आजीला अग्नी दिला. आईला शेवटचं तोंड दिसलं नाही. ते तिच्या मनातून गेलंच नव्हतं. मला म्हणाली, "भाऊनं पाकीट सगळास्ना मांगे काढ." पत्रिकाही याच क्रमाने वाटायची, म्हणजे मामांकडे अगदी शेवटी जायचं. बाबांनी समजावून पाहिलं, तर ती उठून गोठ्यात गेली.

पहिल्यांदा सगळं उलटसुलट आलं. त्यात नवल नाही. चिठ्ठीवर फोटो होता, तिची फाइल जड, तिला वेळ लागतो. हलकं पाकीट तिला मागे टाकून पुढे घुसतं. म्हणून एक काम कागदावर उतरेपर्यंत मॅक्रोने थांबायचं, मगच पुढचं पाठवायचं, असं करून टाकलं. क्रम चोख आला... फक्त मामांचं पाकीट सगळ्यांच्या आधी.

यादी पाहिली, मामा शेवटच्या ओळीत. प्रिंटर बंद करून अडकलेली कामं पुसली, पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. मग ती ओळच काढून टाकली, तर बाकीची घरं शहाण्यासारखी ओळीने आली. ओळ परत शेवटी घातली आणि यावेळी नजर प्रिंटरवरच ठेवली. मॅक्रोने अजून पहिलंच घर पाठवलं होतं आणि मामांचं नाव छापून बाहेर येत होतं. शेवटी त्यांची पाळी आली तेव्हा प्रिंटर गप्प. भर दुपारी, माझ्याच ओट्यावर. मी घाबरलो नाही, चिडलो.

आई मागे उभी होती. पाकीट उचललं, नाव वाचलं, त्यात पत्रिका घालून ती देवापुढे ठेवली. मग म्हणाली, गाडी काढ.

मामांच्या दारात मोठी बॅग भरून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी सुरतला छातीचं ऑपरेशन होतं, आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. मामी म्हणाली, सकाळपासून धुतलेले कपडे घालून बसलेत, बहीण येणार म्हणतात. मामांनी पाकीट दोन्ही हातांत घेतलं आणि आईला विचारलं, "पहिली मन्हीच शे ना, बाई?"

माझी आई खोटं बोलत नाही. मरणाऱ्या माणसाचं मन राखायलाही ती बोलली नसती, मी ओळखतो तिला.

"हा भाऊ," ती म्हणाली, "पहिली तुन्हीच शे."

मग दोघं रडली. मी बाहेर गाडीपाशी जाऊन थांबलो.

मामा सुरतहून परत आले नाहीत. यावेळी अग्नी देताना सगळे आईसाठी थांबले.

तोच मॅक्रो मी आजही ऑफिसात वापरतो. कधी क्रम चुकत नाही. प्रिंटरच्या जाणकारांना विचारलं, त्यांनी सुचवलं ते सगळं मी आधीच करून पाहिलं होतं. कोणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा. आईला मी कधी विचारलं नाही, आणि तिला कारण नकोच आहे. तिला त्या दिवशी खरं बोलता आलं, तेवढं तिला पुरतं.